रुहानच्या तीन फायली

फुजैरा,
१२ जानेवारी २०२५

ती. कुलसुम आपास,
मुश्ताकचा सलाम वि. वि.

प्रथम तक्रार, मग खुशाली. आमच्या ऑफिसातला नागेश सुट्टीवरून परत आला. त्याच्या हाती दिलेली कोलंबीच्या लोणच्याची बरणी म्हसळ्याहून निघताना गळ्यापर्यंत भरलेली होती, असं तू फोनवर स्वमुखे सांगितलंस. फुजैऱ्यात ती कमरेपर्यंत उतरली. आमच्या धंद्यात याला शॉर्ट लँडिंग म्हणतात आणि त्याबद्दल रीतसर जबाब मागतात. नागेशचा जबाब असा की विमानातल्या दाबाने लोणचं आक्रसतं. मी पंचवीस वर्षं जहाजांचे कागद करतोय; वाटेत आक्रसणारा माल माझ्या पाहण्यात आलेला नाही. तस्मात् पुढच्या वेळी बरणीवर खुणेची रेघ मार आणि तिचा फोटो पाठव, म्हणजे वाद राहणार नाही.

आता खुशाली. फोनवर मी सगळं ठीक म्हणून मोकळा होतो आणि कागदावर खोटं लिहायला मला वेळ लागतो, हा तुझा शोध मान्य करून दोन पानं हाताने लिहून त्यांचे फोटो पाठवायचा नियम पाळतोच आहे. शहनाझ बरी आहे. अफशाला मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आपण संवाद केला असं दोघांनाही वाटतं.

रुहानला नऊ वर्षं पूर्ण झाली. जन्मताना त्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला, हे तुला मी काय सांगायचं. पण त्याची वाटणी आता कशी झाली आहे ते ऐक. झटके खलिफा सिटीतल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे. ताठर हातपाय दुबईतल्या पुनर्वसनाच्या डॉक्टरांकडे. ताप, पोट, वजन इथे फुजैऱ्यातल्या बालरोगतज्ज्ञांकडे. आपल्या आजोबांच्या जमिनीचीसुद्धा इतकी काटेकोर वाटणी झाली नव्हती, आणि तिथे निदान बांधावरून भांडायला तरी सगळे एकत्र येत होते. इथे तिघं एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांचे कॉम्प्युटरही एकमेकांशी बोलत नाहीत, असं मला काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, जणू दोन जावांचं भांडण आहे आणि आपण मध्ये पडू नये.

गेले साडेतीन आठवडे रुहान झोपतो. रात्री झोपतो, सकाळी व्हीलचेअरवर झोपतो, तोंडात घास असताना झोपतो. मोठ्या मिनतवारीने सावरायला शिकलेली मान पुन्हा छातीवर पडते. खलिफा सिटीत म्हणाले, झटके नाहीत ना, मग आमच्या बाजूने ठीक. दुबईत म्हणाले, हातपाय सैल झालेत, हेच तर हवं होतं. झोपेचं मेंदूवाल्यांना विचारा. इथले डॉक्टर सज्जन गृहस्थ. त्यांनी रक्त तपासलं आणि हिमोग्लोबिन उत्तम असल्याबद्दल माझं अभिनंदन केलं. तिघांकडे तीनदा नॉर्मल ठरलेला मुलगा माझ्यासमोर मान टाकून बसला आहे.

खलिफा सिटी अडीच तास, दुबई दीड तास. गाडीत व्हीलचेअर, लाळ ओढायचं मशीन, डायपर, केळी. दुबईत पार्किंगचे वीस दिरहम, म्हणजे साडेचारशे रुपये, हे मी दरवेळी मोठ्याने म्हणतो आणि शहनाझ दरवेळी खिडकीबाहेर बघते. एवढं करून आत दहा मिनिटं, आणि त्यातली सात डॉक्टर स्क्रीनकडे बघतात.

माझी नोकरी तुला ठाऊक आहे. जहाज बंदरात आलं की त्याला तेल हवं, पाणी हवं, कप्तानाची दाढ दुखते, कस्टमवाल्याला यादी हवी. जहाज या सगळ्यांना भेटत बसत नाही. त्याला एजंट असतो, म्हणजे मी. छत्तीस तासांत मी पंधरा खात्यांना एका माळेत ओवतो. कुठल्याही गंजक्या टँकरला जे मिळतं ते माझ्या मुलाला मिळत नाही, हे कुठे नोंदवायचं?

फायली मात्र एजंटाला शोभतील अशा ठेवल्या आहेत. लाल खलिफा सिटी, निळी दुबई, हिरवी फुजैरा. एकीतला कागद दुसरीत सापडला तर दंड देईन.

कळावे. माझ्यावरचा लोभ नेहमीच्या मापाने पाठवत राहा, तो तरी वाटेत कमी होऊ देऊ नकोस.

तुझा
मुश्ताक


म्हसळा,
१६ जानेवारी

चि. मुश्ताक यास,
कुलसुमच्या अनेक दुआ.

नागेशची माफी माग. बरणी मीच कमी भरली. तुझ्या बीपीला एवढं मीठ चालत नाही आणि फोनवर कमी सांगितलं असतं तर तू तिथूनच वाद घातला असतास. केस पिकले तरी खाण्यावरून रुसतोस.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शाळेत संस्कृत शिकलास त्याचं आम्हाला कौतुक होतं, पण माझ्यासारख्या नर्सबाईला लिहिताना थोडं सोपं लिही. दोन पानांत जहाज आहे, जमीन आहे, दाढ आहे, पण रुहान दिवसातून किती वेळ जागा असतो ते नाही. किती खातो ते नाही. वजन नाही. आणि शहनाझ काय म्हणते ते तर एका ओळीतही नाही. ती फक्त खिडकीबाहेर बघते. आम्हाला ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी सांगितलं होतं की आई काय म्हणते ते आधी लिहा, मग थर्मामीटर लावा.

उपकेंद्रात मी एकतीस वर्षं काढली. तिथे काय होतं ते तू पाहिलं आहेस, एक टेबल आणि गळका नळ. पण पोराचं कार्ड एकच असायचं. लस मी टोचली, लिहिलं त्यावर. महाडच्या डॉक्टरने काही दिलं, लिहिलं त्यावर. मुंबईला ऑपरेशन झालं, तरी परत आल्यावर आईला दारातच विचारायचे, कार्ड आणलंस का. डॉक्टरांच्या बदल्या होत राहिल्या, कार्ड तेच राहिलं. तुमच्याकडे एवढी मोठी हॉस्पिटलं आणि माझ्या भाच्याचं कार्ड तीन रंगांत फाडून ठेवलेलं, तेसुद्धा तू स्वतः, हे मला समजत नाही. तीन फायली कशाला? पोरगा एक आहे ना?

आता दोन कामं कर. एक, त्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लाव. दोन, घरातली सगळी औषधं टेबलावर मांड आणि खोक्यावरची नावं मला लिहून पाठव. मोठी अक्षरं नकोत, ती कंपनीची असतात. खाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं ते पाठव. चश्मा लावून वाच. किती एमएल, किती वेळा, कुठल्या डॉक्टरचं, केव्हापासून, सगळं.

माझ्या डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मार्चमध्ये आहे. इकडे बाकी बरं. अफशाला म्हणावं मला, तिच्या फुफीला, मराठीत एक ओळ लिही, मी ती देव्हाऱ्यात ठेवणार नाही पण कपाटात नक्की ठेवीन.

दुआ आहेतच, त्या मागाव्या लागत नाहीत.

कुलसुम


फुजैरा,
२४ जानेवारी

ती. आपास,
सलाम वि. वि.

नागेशची माफी मागितली. त्याने ती एका जेवणाच्या बोलीवर मान्य केली. किंबहुना या महिन्यात माझं एवढं एकच काम पूर्णत्वास गेलं आहे.

तुझी पहिली आज्ञा होती डॉक्टरांना बोलतं करण्याची. मी दुबईला गेलो. डॉक्टरांच्या तोंडावर हे मागणं बरं दिसलं नसतं म्हणून रेकॉर्ड खात्याच्या खिडकीशी रिपोर्ट मागितला. त्यांनी फॉर्म दिला. बापाचं ओळखपत्र, मुलाचं ओळखपत्र, आणि रिपोर्ट कशासाठी हवा त्याचे चार चौकोन: विमा, कोर्ट, शाळा, प्रवास. दुसऱ्या डॉक्टरला कळावं म्हणून, असा चौकोनच नाही. मी खिडकीतल्या गृहस्थांना विचारलं की यातलं मी काय समजावं. ते म्हणाले, प्रवास टाका, हबीबी, त्याला कुणी काही विचारत नाही. तर रुहान कागदोपत्री प्रवासाला निघाला आहे. चौदा कामाचे दिवस लागतील, इन्शाल्ला. मी म्हटलं, मी छत्तीस तासांत टँकरची सुटका करतो. ते अतिशय नम्रपणे म्हणाले की मग टँकरच आणायला हवा होता.

मग खलिफा सिटीला फोन. स्वागतकक्ष, मग नर्सिंग, मग पुन्हा स्वागतकक्ष. डॉक्टर परिषदेला गेलेत. विषय विचारला तर म्हणे रुग्णसेवेतला समन्वय. मी फोन ठेवला.

शहनाझ काय म्हणते असं विचारलंस. ती म्हणते ही झोप नव्हे, हा बुडतोय. आयांना वाटतं तसं असेल म्हणून मी लिहिलं नव्हतं. परवा, बुधवारी दुपारी, ती त्याला वरणभात भरवत होती. दोन घास गेले. तिसरा खाली उतरलाच नाही. तो खोकलाही नाही, आपा, हेच भयंकर होतं. आधी ओठ निळे झाले, मग नखं. शहनाझने त्याला मांडीवर पालथा घालून पाठीवर मारलं, मशीन लावलं. अफशाने ॲम्ब्युलन्सला पत्ता सांगितला, एकही शब्द न चुकता. मी ऑफिसात होतो. मी पोचलो तेव्हा त्याचा रंग परत आला होता आणि तिघंही जमिनीवर बसलेली होती.

छातीत काही गेलेलं नाही. पण इथले डॉक्टर म्हणाले की गिळणं असं मंदावत गेलं तर तोंडाने भरवणं बंद करून पोटात नळी बसवावी लागेल. ऑपरेशन दुबईला. तीन फेब्रुवारीची तारीख धरून ठेवली आहे. शहनाझने ते ऐकलं आणि घरी येऊन पातेलं घासत बसली. तो जेवतो ही एकच गोष्ट आमच्या घरात चौघांची मिळून होते.

फायलींबद्दल तू रागावलीस. पण आपा, ही धंद्याची रीत आहे. एजंटाने एका पार्टीचा कागद दुसऱ्या पार्टीला दाखवायचा नसतो. पाणीवाल्याला तेलवाल्याचं बोलणं कळता कामा नये. ज्याचा त्याचा मान ठेवला तर कामं होतात. दुबईच्या डॉक्टरांची तारीख मला सात महिन्यांनी मिळाली होती. त्यांच्यापुढे दुसऱ्याचे कागद पसरायचे म्हणजे तुमच्यावर आमचा भरवसा नाही असं म्हटल्यासारखं होतं. म्हणून एकाकडे जाताना बाकीच्या दोन फायली मी गाडीत ठेवतो.

दुसरी आज्ञा पाळली. यादी सोबतच्या कागदावर. खोक्यांवर फार्मसीची स्टिकरं नेमकी बारीक अक्षरांवर चिकटवलेली असतात. शहनाझने गरम पाण्याच्या कापसाने ती सोडवली. मी चश्मा लावून वाचलं, तिने लिहिलं. अक्षर तिचं आहे, म्हणून वाचता येईल.

या पत्राला लोभाची पुरवणी जोड, सध्या साठा कमी आहे.

मुश्ताक


म्हसळा,
२५ जानेवारी, सकाळ

चि. मुश्ताक,
दुआ.

काल फोनवर मी ओरडले. त्याबद्दल मी काही म्हणणार नाही, ओरडायलाच हवं होतं. फोनवर तू घाबरला होतास आणि अर्धंच ऐकलंस, म्हणून पुन्हा शांतपणे लिहिते.

तुझ्या यादीत चौथी ओळ आणि सातवी ओळ एकच औषध आहे. बॅक्लोफेन. चौथी गोळी आहे, खलिफा सिटीची, दोन वर्षं चालू आहे. सातवं सिरप आहे, दुबईचं, १९ डिसेंबरपासून. नावं वेगळी, खोकी वेगळी, आत तेच. हातपाय सैल करायचं औषध पोराला दोन बाजूंनी जातंय. मग मानही सैल पडणार आणि घसाही. मी डॉक्टर नाही. इथल्या डॉक्टरांना काल यादी दाखवून खात्री करून घेतली, त्यांनीही तेच सांगितलं.

स्वतः काही बंद करू नका. हे तीनदा वाच. हे औषध एकदम थांबवलं तर उलटं होऊन झटके येऊ शकतात. किती, कसं कमी करायचं ते डॉक्टरच सांगतील. आज तुम्ही खलिफा सिटीला जाताय असं शहनाझ म्हणाली. तिन्ही फायली घेऊन जा. गाडीत ठेवायच्या नाहीत. आणि बोलायचं शहनाझला सांग, तू नको. तू नमस्कार-चमत्कारात पाच मिनिटं घालवशील.

एक गोष्ट मला लिहून कळव, फोनवर नको. १९ डिसेंबरला दुबईच्या डॉक्टरने नवं सिरप देताना विचारलं असेलच की आणखी काय काय चालू आहे. सगळेच विचारतात. तू काय सांगितलंस?

अल्लाह पोराला सांभाळो.

कुलसुम


फुजैरा,
३१ जानेवारी

ती. आपास,
सलाम वि. वि.

त्यांनी विचारलं होतं. मी म्हणालो, झटक्यांची औषधं चालू आहेत. तेवढंच. लाल फायलीत मेंदूवाल्यांनी ताठरपणासाठीही गोळी दिली आहे, हे मला माहीत होतं. पण हातपाय दुबईच्या वाट्याचे. त्यांच्या प्रांतात दुसरा कुणी आधीच शिरला आहे हे त्यांना मीच कसं सांगू, असं मनात आलं आणि मी गप्प बसलो. लाल फाईल खाली पार्किंगमध्ये होती. हे मी इतक्या सरळ लिहितो आहे यावरून काय ते समज.

आता काय झालं ते सांगतो. खलिफा सिटीच्या काउंटरवर बेटी म्हणून बाई आहेत, वसईच्या. चार वर्षं आम्ही एकमेकांशी इंग्रजीत कण्हत होतो. त्या दिवशी शहनाझ घाईत मला मराठीत काही बोलली आणि बेटींनी मान वर केली. म्हणाल्या, मुश्ताकभाई, एवढी वर्षं सांगितलं का नाही. पुढच्या तारखेची वाट न बघता त्यांनी आम्हाला आत घातलं. डॉक्टर परिषदेहून परतले होते. शहनाझने तिन्ही फायली त्यांच्या टेबलावर उघड्या ठेवल्या, त्यांच्या कीबोर्डवरच. डॉक्टरांनी दोन्ही खोकी हातात घेतली, वाचली, आणि पहिल्यांदा स्क्रीन सोडून आमच्याकडे पाहिलं. मग दुबईच्या डॉक्टरांना फोन लावला. आमच्यासमोर. चार मिनिटं बोलले. मी घड्याळ लावलं होतं. नऊ वर्षांत न झालेलं काम चार मिनिटांचं होतं, आपा, आणि बोलताना दोघंही इतके गोड होते की कुणाचाच मान कुठे सांडला नाही.

सिरप हळूहळू कमी करत चाललं आहे, तारखा लिहून दिल्या आहेत. तीन फेब्रुवारीचं ऑपरेशन रद्द नाही, पुढे ढकललं आहे. आधी गिळण्याची तपासणी पुन्हा होईल.

येताना मी विचारलं की हे चार मिनिटं बोलण्याचं काम कुणाचं असतं. डॉक्टर म्हणाले, खरं तर कोऑर्डिनेटरचं. मी बेटींना विचारलं, कोऑर्डिनेटर कुठे बसतात. त्यांनी एक टेबल दाखवलं. त्यावर पाटी आहे, फुलदाणी आहे, माणूस नाही. मागची बाई मे महिन्यात सोडून गेली. आणि असती तरी, बेटी म्हणाल्या, ती याच हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना जोडते. दुबईचा माणूस तिच्या कक्षेत येत नाही. मी विमा कंपनीला फोन केला. विम्यात तपासणी बसते, ऑपरेशन बसतं, नळी बसते. दोन डॉक्टरांचं बोलणं बसत नाही, त्याला बिलाचा कोड नाही. म्हणजे नळी घालायला ते तयार आहेत आणि नळी टाळणाऱ्या फोनला नाहीत. मी त्यांना पुन्हा विचारलं, शब्द बदलून विचारलं. त्यांनी माझं म्हणणं नोंदवून घेतलं आणि मला समाधान किती झालं त्याचे एक ते पाच गुण द्यायला सांगितले.

तू म्हणालीस एक कार्ड. जहाजाचा असतो तसा मी रुहानचा एक कागद केला. एकच पान, दोन्ही बाजू. नाव, वजन, औषधांची खरी नावं, कुणी दिलं, केव्हा बदललं, गिळताना काय सांभाळायचं, आणि सगळ्यात वर आई काय म्हणते त्याचा रकाना. अफशाने टाइप केला. मी रकान्याचं नाव मातृनिवेदन ठेवलं होतं. तिने ते खोडून इंग्रजीत मम सेज असं केलं आणि यल्ला, म्हणजे चला, प्रिंट म्हणाली. आता तिन्ही डॉक्टरांच्या सह्या हव्यात. इथल्या डॉक्टरांनी लगेच केली. खलिफा सिटीवाले म्हणाले, दुसऱ्याच्या औषधांखाली मी सही करू शकत नाही, पण फोटो काढून घेतो. दुबईवाल्यांनी तो कायदेखात्याकडे पाठवला आहे. कायदेखातं, आपा. एका पानाला. माझी तळपायाची आग अजून मस्तकात आहे आणि तिथेच मुक्काम करणार असं दिसतं.

इथे थांबतो, नाहीतर हे पत्रही कायदेखात्यात जाईल. लोभाची कमतरता तुझ्याकडे कधीच नव्हती, तशीच राहो.

मुश्ताक


म्हसळा,
१० फेब्रुवारी

चि. मुश्ताक,
अनेक दुआ.

काल शहनाझने व्हिडिओ लावून रुहान दाखवला. मान वर होती. मला बघून केवढ्याने ओरडला. शेजारच्या खोलीतून आमची सून धावत आली. शहनाझ म्हणाली दोन वाट्या पेज खाल्ली, ठसका नाही. गिळण्याची तपासणी बरी आली, नळी आता नको असं दुबईवाले म्हणाले, हेही तिनेच सांगितलं. तुझ्याकडून मला अजून फक्त कायदेखात्याचीच बातमी आहे.

तुझ्या मागच्या पत्रावर मी विचार केला. तू चूक कबूल केलीस ते बरं केलंस. ती एकट्याची नाही. खोक्यावर स्टिकर लावणाऱ्यालाही कळायला हवं होतं, आणि दोन डॉक्टरांपैकी एकाने तरी फाईल कुठे आहे असं विचारायला हवं होतं. चिडतोस तेही बरोबर. चिडलाच नाहीस तर ती कोऑर्डिनेटरची खुर्ची तशीच रिकामी राहील. त्या एका पानासाठी भांड, सोडू नकोस, मीही इकडच्या डॉक्टरांना ते दाखवलं. त्यांनी कॉपी मागितली.

पण तुझं काहीतरी वेगळंच चाललंय. पोरगा बरा होतोय आणि तू फोनवर रुहानचं नाव काढलं की विमा कंपनीवर जातोस. शहनाझ म्हणते, तू त्याच्या खोलीत जाऊन उभा राहतोस आणि तसाच परत येतोस. मी तुला लहानपणापासून ओळखते. काय आहे ते लिही. तुझं ते मोठं मोठं नको. साधं लिही.

दुआ, आणि पाठीवर हात.

कुलसुम


फुजैरा,
१४ फेब्रुवारी

आपा,

हे ऑफिसातून लिहितो आहे. शहनाझला दाखवू नकोस, मी तिला स्वतः सांगेन.

सिरप सुरू झाल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी ती मला म्हणाली होती की याचं काहीतरी बिघडलंय. मी तिला म्हटलं, नऊ वर्षांनी घर शांत झालंय, अल्लाहने ऐकलं म्हण आणि तूही जरा पाठ टेक. रुहान कसा ओरडतो ते तू पाहिलंसच. भुकेला तेच, दुखलं तरी तेच, आनंद झाला तरी तेच. शेजारी भिंतीवर ठोकतात. लिफ्टमध्ये लोक अफशाकडे बघतात. त्या दिवसांत तो ओरडत नव्हता. मी संध्याकाळी बाल्कनीत बसून चहा गरम असताना प्यायलो. अफशाला घेऊन समुद्रकाठच्या कॉर्निशवर चक्कर मारून आलो. नागेशला सांगितलं की नवं औषध फार चांगलं आहे.

मला बरं वाटत होतं.

डॉक्टरांकडे मी गेलो तो शहनाझ ऐकेना म्हणून. तिघांनी नॉर्मल म्हटल्यावर मला संताप आला असं मी तुला लिहिलं. संताप नंतर आला. आधी मला हायसं वाटलं होतं. घरी येताना मी शहनाझला म्हणालो की बघ, तिघंही तेच सांगतात.

आता तो पुन्हा ओरडतो. मी त्याच्या खोलीत जातो आणि त्याच्याकडे बघतो. तो कशासाठी ओरडतोय ते शहनाझला उंबऱ्यातूनच कळतं. मला अजून अंदाज करावा लागतो आणि निम्म्या वेळा तो चुकतो.

दुबईवाल्यांची सही येईल. नाही आली तर मी पुन्हा जाईन, पुन्हा विचारीन, त्या रिकाम्या टेबलाबद्दल लिहीत राहीन. ते मला जमतं. पण कागदावर सगळ्यात वर जो रकाना आहे तो कुणीतरी बघून भरायचा असतो. रुहान स्वतः सांगू शकत नाही. शहनाझ माझ्याहून थकलेली आहे आणि आम्ही दोघांनीही पन्नाशी ओलांडली आहे. एखाद्या दिवशी ती नसेल, मी एकटा असेन, आणि तो पुन्हा तसाच शांत बसून राहील. तेव्हा मला कळेल की नाही, याची मला भीती वाटते.

मुश्ताक